लांब दांड्याची किंमत

अमेरिकेत अनेक मोटारींच्या मागे ट्रेलर जोडण्यासाठी चौकोनी पोकळ नळी बसवलेली असते. तिच्यात रॅक अडकवून लोक सायकली नेतात. पण मागच्या दारावर स्टेपनी असेल, तर सायकली तिला घासतात. मग नळीत जोडदांडा घालून रॅक मागे सरकवतात. जागा मिळते, पण ती फुकट मिळते का?

पाण्याने भरलेली बादली अंगाजवळ धरून पाहा. मग हात ताठ पुढे करून धरा. वजन तेच, तरी खांदा लगेच भरून येतो. कारण वाढते ते परिबल, म्हणजे वजन गुणिले टेकूपासूनचे अंतर.

समजा, रॅक 20 किलोग्रॅमचा आणि सायकली 15 किलोग्रॅमच्या चार. त्यांचा गुरुत्वमध्य नळीपासून 50 सेंटिमीटरवर आहे. गुणाकार येतो 80 × 50 = 4,000. आता 30 सेंटिमीटरचा दांडा जोडा (त्याचे वजन सोडून देऊ). गुणाकार होतो 80 × 80 = 6,400, म्हणजे 1.6 पट! तो पुन्हा 4,000 वर आणायचा, तर एकूण वजन 50 किलोग्रॅमच हवे. म्हणजे सायकली फक्त दोन!

शिवाय गाडी खड्ड्यात आदळली, की नळीवरचा ताण क्षणभर आणखी वाढतो. म्हणून अनेक कारखानदार दांडा जोडल्यावर भाराची मर्यादा निम्मी धरायला सांगतात. ती न पाळता जोड तुटला, तर सायकली मागून येणाऱ्या वाहनापुढे पडतील.

आता तुम्ही सांगा: दांडा 20 सेंटिमीटरचा असेल, तर सायकली दोन की तीन?