हजेरीवहीतली वर्षं

सोलापूरला अक्कलकोट रस्त्याच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात मी २००० ते २०१९ हजेरी आणि पगार लिहिला. मालकाचं नाव कशाला सांगू? पुढची बरीचशी लबाडी माझ्याच अक्षरात आहे.

१. आधी डोकी मोजा. पीएफ २० कामगारांपासून लागायचा, ईएसआय १० पासून. आमच्याकडे छप्पर एक, गेट एक, चहा आणणारा पोरगा एक. कागदावर मात्र कारखाने तीन. मालकाचा, मालकीणबाईंचा, धाकट्या भावाचा. एकाही वहीत अठराच्या वर माणूस चढू द्यायचा नाही, हे माझं काम. तिन्ही वह्या मी तीन वेगवेगळ्या पेनांनी लिहायचो आणि त्याचा, खरं सांगतो, थोडा अभिमानही होता. एकदा तपासणीला साहेब आले. त्यांनी वह्या उघडल्याच नाहीत, लाइटबिल मागितलं. मीटर एकच होतं. पीएफ लागला.

२. पीएफ कापला म्हणजे भरला असं नाही. आमच्या जॉबर अण्णांनी मुलीच्या लग्नाला पैसे काढायचा अर्ज केला, तेव्हा कळलं की अकरा महिने त्यांचे १२ टक्के कापले गेले, खात्यात मात्र एक रुपया नाही. मालकाने घालायचे १२ टक्के तर लांबच. कापून न भरणं हा फौजदारी गुन्हा, हे मला ठाऊक होतं, अण्णांना नव्हतं. मग जेवणाच्या सुट्टीत ज्याचं त्याचं पासबुक मोबाइलवर उघडून द्यायला लागलो. अण्णांना तेलुगू सोडून काही वाचता यायचं नाही, पण आकडे सगळ्यांनाच कळतात.

३. मॅनेजर म्हणजे मालकाचा मेव्हणा. ताणा कुठला, बाणा कुठला हे त्याला कळत नसे. टॉवेलात दोष दिसला की विणणाऱ्याचे पैसे कापायचे, एवढं कळायचं. त्याच्याशी भांडलेले दोघे आठवड्यात घरी बसले. तिसरा भांडला नाही. कुठल्या लॉटचं सूत दिवसात किती वेळा तुटलं, ते तो छोट्या वहीत टिपत राहिला. महिन्याने वही टेबलावर ठेवली. कापलेले पैसे परत आले नाहीत, पुढचे कापणं थांबलं.

४. गड्ड्याच्या यात्रेला उचल घेऊ नये. बोलायला सोपं आहे. घरी पोरं पाळण्यात बसायला रडत असतात. मी एकदा २०,००० घेतले आणि फिटेपर्यंत दोन वर्षं मान खाली घालून बसलो.

५. ईएसआयचं कार्ड ट्रंकेत ठेवू नका.

६. एकट्याने केबिनमध्ये जाऊ नका. आमच्या गल्लीतल्या विडी वळणाऱ्या अक्का आम्हाला हसायच्या. कामगार नेते आडम मास्तरांच्या लाल बावट्यामागे त्या वर्षानुवर्षं मोर्चे काढत होत्या. २००६ मध्ये कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावाने विडी कामगारांची १०,००० घरं झाली, त्यात त्यांचंही एक. आम्ही मशीनवरचे, म्हणून स्वतःला शहाणे समजायचो.

७. ग्रॅच्युइटीचा हिशोब स्वतः करा. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १३,००० असेल, तर भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. दहा वर्षांचे ७५,००० होतात. पण सलग पाच वर्षं भरावी लागत. म्हणून आमच्याकडे दर चार वर्षांनी प्रत्येकाचा राजीनामा घेऊन दुसऱ्या दिवशी नवी नेमणूक व्हायची. मजकूर मीच लिहायचो, माझ्या स्वतःच्या राजीनाम्याचाही. २०१९ मध्ये मी निघालो, तेव्हा मालकांनी तेच चार कागद पुढे सरकवले. मी पिशवीतून हजेरीच्या झेरॉक्स काढल्या. राजीनाम्याच्या चारही तारखांना माझ्या नावापुढे, माझ्याच अक्षरात, ‘हजर’ लिहिलेलं होतं.