उजव्या नाकपुडीतली नथ

ठाण्याहून एका लेकीचा फोन आला. आई-बाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं होतायत, दोघांचं एकत्र चित्र हवंय, पेस्टलमध्ये, आणि त्यांना आधी कळता कामा नये. पाठोपाठ मोबाइलवर दोन फोटो येऊन पडले. बाबांचा बँकेच्या कामासाठी स्टुडिओत काढलेला. आईंचा कुणाच्या तरी लग्नातला सेल्फी, शेजारच्यांना कापून टाकलेला. खांद्यावर मात्र त्यातल्याच कुणाची तरी चार बोटं उरलेली. प्रस्तुत लेखकाचं पोट पोर्ट्रेटवर चालतं, तेव्हा नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नाही. "होऊन जाईल," म्हणाला. या दोन शब्दांपायी त्याचा दीड महिना गेला आणि एक चांगला कागद वाया गेला.

रेखाटन करतानाच काहीतरी खटकत होतं. बाबांचा चेहरा रुंद, शांत, दोन्ही कान जागेवर. आईंचं नाक मात्र पुढे आलेलं आणि कान जवळजवळ गायब. लेखकाने मनाशी ठरवून टाकलं की बाईंचं नाकच मोठं असणार. वास्तविक दोष नाकाचा नव्हताच. कॅमेरा चेहऱ्याच्या जितका जवळ, तितकं त्याला सर्वांत जवळ असलेलं नाक मोठं दिसतं आणि कान मागे सरतात. 2018 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी याचं गणित मांडलं. सुमारे 12 इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक 5 फुटांवरून दिसतं त्यापेक्षा जवळपास 30 टक्के रुंद भासतं. म्हणजे एकाच कागदावर बाबा खोलीच्या पलीकडून पाहिलेले आणि आई हातभर अंतरावरून. बघणाऱ्याला हे शब्दांत सांगता येत नाही, पण ही दोघं एका बाकावर बसलेली नाहीत हे त्याला बरोबर जाणवतं.

त्यात उजेडाची भर. बाबांवर समोरून फ्लॅश पडलेला, चेहरा थाळीसारखा सपाट. आईंवर मंगल कार्यालयाचा पिवळा दिवा, तोही डोक्यावरून. डोळ्यांच्या खोबणी काळ्या. लेखक दोन्ही फोटोंशी इमानदार राहिला, आणि नेमकं तेच चुकलं. दोन फोटोंतून जोडप्याचं एक चित्र करायचं, तर कधीच न घडलेला एक क्षण नव्याने रचावा लागतो. त्या क्षणाचा उजेड चित्रकाराने ठरवायचा असतो. एक खिडकी मनात पक्की करायची आणि दोघांच्याही सावल्या तिच्या हिशेबाने पाडायच्या.

ते साधत नसेल, तर दुसरी वाट आहे. झाँ-सिमेऑं शार्दँ या फ्रेंच चित्रकाराने पंचाहत्तरी गाठल्यावर, 1775 मध्ये, स्वतःचं आणि बायकोचं चित्र पेस्टलमध्ये केलं. दोन वेगळे कागद, दोन वेगळ्या चौकटी. ती चित्रं आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. फोटोंचं आपसात जमत नसेल तर त्यांना जबरदस्तीने एका कागदावर बसवू नये. जोडचित्रं करावीत, भिंतीवर शेजारी लावली की संसार दिसतोच.

एवढं लक्षात आल्यावर नाक दुरुस्त करता आलं नसतं का? तैलरंगात आलं असतं. सॉफ्ट पेस्टल म्हणजे रंगद्रव्य आणि त्याला जेमतेम धरून ठेवण्यापुरता डिंक. ते कागदाच्या खरखरीतपणात अडकून राहतं. त्या खाचा एकदा भरल्या की वर नवा थर बसत नाही, नुसता घसरतो. लेखकाने नाक दोनदा पुसलं, बोटाने घोळलं, आणि तिथे चिखल झाला. भरीस भर, कागदही उलटा लावलेला. पेस्टलच्या काही कागदांना, उदाहरणार्थ कॅन्सनच्या मी-तँतला, एका बाजूला मधमाशांच्या पोळ्यासारखी नक्षी असते आणि दुसरी बाजू तुलनेने गुळगुळीत. पोर्ट्रेटला बरेच जण गुळगुळीत बाजू घेतात. लेखकाने घाईत पोळं घेतलं आणि आईंच्या गालावर जाळी उमटली.

शेवटी फिक्सेटिव्ह फवारलं. त्याने हलके रंग गडद होतात, हे विद्यार्थ्यांना सांगणारा हाच माणूस! कपाळावरची चमक मिनिटभरात विझली. मारायचंच तर मधल्या थरांवर लांबून हलकं मारावं, शेवटचे उजळ फटकारे तसेच ठेवावेत. फ्रेम करताना माउंट जाड घ्यावा, म्हणजे काच रंगाला टेकत नाही. काचेऐवजी अॅक्रिलिक टाळावं. त्यावरची स्थिर वीज रंगाची पूड ओढून घेते. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओलीच्या भिंतीवर तर पेस्टल अजिबात लावू नये, बुरशी धरते.

समारंभात पडदा सरला. टाळ्या झाल्या. आई चष्मा लावून जवळ गेल्या आणि लेकीला म्हणाल्या, "अगं, माझी नथ उजवीकडे कधीपासून गेली? आणि पदरसुद्धा?"

पुष्कळ फोनचा पुढचा कॅमेरा आरशातली प्रतिमाच जतन करतो. डाव्या नाकपुडीतली नथ त्यात उजवीकडे जाते, डाव्या खांद्यावरचा पदर उजव्यावर, पुरुषाच्या सदऱ्याच्या गुंड्या उलट्या बाजूला. महिनाभर त्या नथीचा एकेक मोती रंगवणाऱ्याला हे दिसलं नाही. "काका, नथ तेवढी पुसून इकडे घेता येईल ना?" लेकीने हळूच विचारलं. येणार नव्हती.

दुसऱ्या चित्रासाठी लेखक स्वतः ठाण्याला गेला. सकाळची वेळ, एका बाजूला खिडकी, फ्लॅश बंद, कॅमेरा बसलेल्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर, अंतर सहा-सात फूट, दोघं एकाच फोटोत. आई बाबांच्या डाव्या हाताला, वामांगी म्हणतात तशी. फोनमधला चेहरा उजळवणारा फिल्टर आधी बंद करायला लावला. "आईला जरा गोरं दाखवा," ही लेकीची सूचना आईंनीच परतवली. आता लेखक हातांचे, दागिन्यांचे आणि काठपदराचे फोटो वेगळे मागून घेतो. एक व्यवहाराची गोष्टही तो पहिल्याच दिवशी कागदावर लिहून घेतो. 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे घेऊन सांगण्यावरून काढलेल्या पोर्ट्रेटचा पहिला हक्क चित्र काढवून घेणाऱ्याचा असतो. चित्रकाराला ते स्वतःच्या जाहिरातीत छापायचं असेल, तर तसं आधीच ठरलेलं बरं.

पहिलं चित्र बटर पेपरमध्ये गुंडाळून लेखकाच्या खणात आहे. कुणी सेल्फी घेऊन आलं की तो ते बाहेर काढतो आणि यात काय चुकलंय ते विचारतो. बहुतेक जण नाकावर बोट ठेवतात. नथ आजवर फक्त साठीपुढच्या बायकांनी पकडली आहे.