मुरूम लागेपर्यंत खणा

झरी जामणी तालुक्यात लोहाराच्या भट्टीवर खरी गर्दी होते ती मृगाच्या आधी. वखराच्या फासा, डवऱ्याच्या फासा, विळे, कुऱ्हाडी, टिकास, सब्बल आणि आता ट्रॅक्टरच्या कल्टिव्हेटरचे फाळ. कास्तकाराला सगळं आजच पाहिजे असतं आणि घण मारणारा माणूस मिळत नाही. वणीकडच्या कोळसा खाणी आणि मुकुटबनचा सिमेंट कारखाना यांच्यामुळे ट्रक-ट्रॉल्यांची कामंही येतात. मग पाटण, माथार्जुन, शिबला भागातली तरुण मुलं येऊन विचारतात, "काका, जुना पॉवर हॅमर घेऊ का? केवढ्यात बसेल?" किमतीचं मी शेवटी सांगतो. आधी विचारतो, तुझ्या शेडखाली माती कोणती आहे?

माझा हॅमर मी परजिल्ह्यातल्या एका जुन्या यंत्रांच्या व्यापाऱ्याकडून घेतला. कमानीच्या पाट्यांवर चालणारा स्प्रिंग हॅमर, ५० किलोचा. म्हणजे वरून आदळणारा भाग ५० किलोचा. अख्ख्या यंत्राचं वजन त्याच्या कितीतरी पट. ताजा हिरवा रंग होता. व्यापाऱ्याने तो रिकामा चालवून दाखवला, आवाजही गोड होता. गावी आणून तापलेल्या लोखंडावर काम सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत सांगाड्याच्या मानेशी, जिथे तो पुढे वळतो तिथे, रंगावर केसाएवढी रेघ उमटली. तिच्यातून तेल पाझरू लागलं. रंग खरवडला तर खाली लांबी, लांबीखाली वेल्डिंगची भरणी आणि भरणीच्या कडेने नवी भेग. बिडाचा सांगाडा आधीच कुठेतरी तडकलेला होता, तो भरून, घासून, रंगवून विकला होता. त्यानंतर व्यापाऱ्याने फोन उचलला नाही. कच्च्या पावतीवर नुसती रक्कम होती. यंत्राचं वर्णन नाही, नंबर नाही, काही नाही.

तेव्हापासून जुनं यंत्र बघायला जाताना मी डिझेलची लहान बाटली, खडू, चिंध्या आणि तारेचा ब्रश सोबत नेतो. जिथे ताण येतो त्या जागा ठरलेल्या आहेत: सांगाड्याची मान, बोल्टांच्या भोकांभोवतीचा भाग, पायाचे कोपरे, डाय बसते ती खाच. तिथला रंग हातभर नको, बोटभर खरवडायचा. उघड्या बिडावर डिझेल लावून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं. मग चिंधीने अगदी कोरडं पुसायचं आणि खडूची पूड चोळायची. शेजारी लाकडी ठोकळा धरून हातोडीचे दोन ठोके द्यायचे. भेग असेल तर आत शिरलेलं डिझेल वर येतं आणि पांढऱ्या पुडीवर बारीक, ओली, काळपट रेघ उमटते. ती उमटताना डोळ्यांनी दिसते. पहिल्यांदा बघणारा माणूस थबकतो. मानेवर अशी रेघ दिसली तर कितीही स्वस्त असो, यंत्र तिथेच सोडा. मालक रंग खरवडू देत नसेल तरीही सोडा.

रिकाम्या चालीवर तर कधीच विश्वास ठेवू नका. सोबत सळई न्या, तिथेच तापवा आणि जाड-पातळ दोन्ही मापांवर हॅमर चालवून बघा. वरची डाय खालच्या डायवर सपाट बसते का, की एका कडेवर टेकते? गाईडमध्ये पातळ पत्रा घालून फट बघा. एका बाजूला पत्रा घट्ट आणि दुसऱ्या बाजूला सैल जात असेल तर गाईड एकांगी झिजलंय. अर्धा तास चालल्यावर बेअरिंगच्या घरावर हात ठेवा. हात ठेवता आला पाहिजे. खालच्या ऐरणीचं वजनही विचारा. पडणाऱ्या भागाच्या दहापट तरी ऐरण नसेल तर ठोक्याचा जोर लोखंडात न जाता जमिनीत जातो.

आणि जमिनीचंच आपल्याकडे खरं दुखणं आहे. आपली काळी माती कपाशीला चांगली, यंत्राला नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन ती फुगते, उन्हाळ्यात आकसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराच्या भिंती का तडकतात ते इथे प्रत्येकाला ठाऊक आहे. पण हॅमर बसवताना गवंडी पडवीच्या खांबासारखा दीड-दोन फुटांचा खड्डा घेतो, काँक्रीट ओततो आणि वर बोल्ट सोडतो. माझ्याकडे असाच पाया झाला. पहिल्या पावसाळ्यात तो एका कोपऱ्याने वर आला. हॅमर तिरपा झाला की वरचा भाग गाईडवर घासतो, एका बाजूची डाय आधी टेकते, पट्टा पुलीवरून उतरतो आणि बिडाच्या मानेवर नको तिथे ताण पडतो. माझ्या सांगाड्यातली जुनी भेग लांबली त्यात या तिरपेपणाचा वाटा मोठा होता, असं मला वाटतं.

दुसरा पाया मी मुरूम लागेपर्यंत खणून घातला. आपल्या तालुक्यात हे सगळीकडे सारखं नाही. टेकडीच्या उताराला कमरेएवढ्यावर मुरूम लागतो, नाल्याकाठच्या वावरात पुरुषभर खणूनही काळीच येत राहते. म्हणून शेडची जागा ठरवण्याआधी एक खड्डा घेऊन बघा. तिथे मुरूम फार खोल असेल तर हॅमरची जागा बदलणं पायापेक्षा स्वस्त पडतं. खड्डा पायाच्या ठोकळ्यापेक्षा चारी बाजूंनी मोठा घ्या आणि ठोकळ्याभोवतीची जागा काळ्या मातीने परत भरू नका. तिथे मुरूम किंवा वाळू भरा, म्हणजे फुगणारी माती ठोकळ्याला रेटणार नाही. ठोकळ्यात सळईची जाळी हवीच. शेडच्या फरशीपासून तो वेगळा ठेवा, मधल्या फटीत वाळू. हॅमरचा पाय आणि काँक्रीट यांच्यामध्ये खाणीतल्या जुन्या कन्व्हेयर पट्ट्याचे तुकडे किंवा सागाच्या जाड फळ्या घाला. ठोक्याचा हादरा त्यांच्यात जिरतो, काँक्रीटचा भुगा होत नाही. शेडच्या पत्र्यावरचं पाणी पायाशी मुरू देऊ नका, उतार बाहेर काढा. हे काम दिवाळीनंतर काढावं, कारण तेव्हा माती फार फुगलेलीही नसते आणि भेगाळलेलीही नसते. काँक्रीटला पुरतं बळ यायला २८ दिवस लागतात. तोवर त्याला पाणी द्या. हॅमर दारात येऊन पडला म्हणून आठवड्यात चालू करणारे मी पाहिलेत, त्यांचे बोल्ट वर्षाच्या आत हलले.

विजेचं थोडक्यात सांगतो. पाच हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटार चालताना सात-साडेसात अँपिअर घेते, पण सुरू होताना त्याच्या सहापट खेचते. म्हणून पट्टा मोकळा ठेवून मोटार सुरू करा, वेगात आली की मगच पट्टा घ्या. आपल्याकडे एक फेज उडणं नवीन नाही. दोन फेजवर मोटार गुणगुणत राहते आणि वायंडिंग जळतं. शेतातल्या पंपाला जो सिंगल फेज प्रिव्हेंटर लावता तो इथेही लावा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात पाणी घाला, कारण कोरड्या काळ्या मातीत अर्थिंग नावापुरतंच राहतं. आणि शेतीच्या जोडणीवरून वर्कशॉप चालवू नका. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ खाली ज्या कामासाठी वीज मंजूर आहे त्याखेरीज दुसऱ्या कामाला वापरली की दुप्पट दराने आकारणी होते.

ऐरणीबद्दल मात्र सविस्तर बोललं पाहिजे, कारण तिथे फसवणूक जास्त होते. बाजारात चकचकीत काळ्या रंगाच्या बिडाच्या ऐरणी मिळतात. बिडाची ऐरण घणाला परत उसळी देत नाही, तिच्या कडा तुकडे होऊन उडतात आणि तो तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. ओळखायला सोपं आहे: बेअरिंगचा मोठा छर्रा हातभर उंचीवरून सोडा. चांगल्या पोलादी तोंडावर तो बराच वर उसळतो, बिडावर थोडा उडून बसतो. छर्रा ऐरणीच्या मधोमध आणि कडांवरही टाकून बघा. एका जागी उसळी मेलेली असेल तर तिथलं पोलादी तोंड खालून सुटलेलं असतं. हातोडीने वाजवा, भेगेची ऐरण घोगरी बोलते.

यावर स्वस्त उपाय म्हणून रुळाचा तुकडा लोक घेतात. रुळाचं पोलाद चांगलं असतं, उभा करून पुरला तर त्याचं डोकं लहान कामाला छान चालतं. पण मुकुटबनवरून रेल्वे लाइन जाते आणि रुळाचा तुकडा भंगारात येतो कुठून, हा प्रश्न पोलिसही विचारतात. रेल्वे मालमत्ता (बेकायदेशीर ताबा) अधिनियम, १९६६ खाली चोरीचा माल जवळ सापडणं हाच गुन्हा आहे आणि तुम्ही तो रीतसर घेतला हे तुम्हालाच दाखवावं लागतं. रेल्वे आपलं भंगार लिलावात विकते. लिलावातून आलेला माल असेल तर विकणाऱ्याकडे कागद असतो. त्याची प्रत आणि स्वतःच्या नावाचं बिल घ्या. कोळशाचंही तेच. खाणीच्या रस्त्यावर पोत्याने मिळणारा कोळसा बिलाशिवाय घेऊ नका.

वणी पट्ट्यातल्या कोळशात राख फार. भट्टीत तो लवकर कीट धरतो आणि फास जोडायला बसलात तर कीट लोखंडाला चिकटून जोड धरत नाही. मी जोडकामाला बाभळीचा लाकडी कोळसा वेगळा ठेवतो, बाकी कामाला खाणीचा वापरतो आणि दर दोन-तीन तासांनी कीट काढतो.

कच्च्या मालात ट्रकच्या कमानीचे पाटे सर्वांत उपयोगी. कुऱ्हाडीला, विळ्याला त्यासारखं पोलाद नाही. पण प्रत्येक पाट्याचं पोलाद एकसारखं नसतं. ज्या पाट्याची कुऱ्हाड करायची त्याचाच बोटभर तुकडा आधी लाल करून तेलात बुडवा आणि वाइसमध्ये धरून मोडा. मोडलेली बाजू बारीक, करड्या दाण्याची दिसली तर ठीक. साखरेसारखे जाड दाणे दिसले तर तापवण जास्त झाली. पोलादाची अशी पारख आपल्या आजूबाजूला जुनी आहे. नागपूरजवळ नायकुंडला उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, ती इसवी सनापूर्वीची. तेलंगणात निजामाबाद जिल्ह्यातल्या कोनासमुद्रमचं पोलाद घ्यायला इराणचे व्यापारी येऊन राहत असत. आज आपल्या भट्ट्यांत पोलाद गाळलं जात नाही, पण पारख तरी राहिली पाहिजे. पाणी दिल्यावर कुऱ्हाडीची धार तशीच देऊ नका, ती काचेसारखी तडकते. घासून चकाकी आणा आणि मागून हळूहळू तापवत रंग चढू द्या: पिवळा, तांबूस, जांभळा, निळा. छन्नीला तांबूस ते जांभळा, कुऱ्हाडीला जांभळ्यापलीकडे निळसर.

आता दुरुस्ती. माझ्या सांगाड्याची भेग गावच्या वेल्डरने साध्या रॉडने भरली आणि ती शेजारून पुन्हा गेली. यात त्याच्या हाताचा दोष नव्हता. बिडात कार्बन फार असतो; साध्या रॉडच्या जोडाशेजारी ते झटकन थंड होऊन कडक, ठिसूळ होतं आणि तडकतं. बिडाची भेग जोडायची तर आधी तिची दोन्ही टोकं शोधून तिथे भोकं पाडा, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग भेगेची खाच करा, भाग सगळीकडून सारखा गरम करा, निकेलचा रॉड वापरा, एका वेळी इंच-दीड इंच भरा आणि भरलेलं गरम असतानाच हातोडीने हलकं ठोका. शेवटी कोरड्या राखेत झाकून रात्रभर निवू द्या. एवढं करूनही ठोके खाणाऱ्या सांगाड्यावर नुसत्या जोडाचा भरवसा धरू नये. मी दोन्ही बाजूंनी जाड पोलादी पाट्या आरपार बोल्टांनी कसल्या. हॅमर चालतो, पण मी त्यावर फासा आणि विळेच घेतो. सब्बल आणि ट्रकची कामं त्याला देत नाही.

भट्टीत काय घालू नये, हे प्रत्येक नव्या पोराला पहिल्या दिवशी सांगा. गॅल्व्हनाइज्ड पाइप तापवला की जस्ताचा पांढरा धूर निघतो. तो श्वासात गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, जीव घाबरा होतो. दोन्ही तोंडं बंद असलेली नळी, मोटारसायकलचा शॉकअप, जुना सिलिंडर हे भट्टीत फुटतात. छन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुललं की ते घासून काढा, त्याची चकली उडून मांडीत घुसते. ग्राइंडरचं कव्हर काढून काम करू नका आणि डिस्कवर लिहिलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा कमी असेल तर ती डिस्क लावू नका.

पैशाचं शेवटी. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांत लोहारकाम आहे. प्रशिक्षणात दिवसाला ५०० रुपये, साधनांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, ते फेडल्यावर २ लाख रुपये कर्ज मिळतं, तारण लागत नाही. नोंदणी जरूर करा. पण पहिल्या लाखाची फेड १८ महिन्यांत असते आणि आपलं काम वर्षातून दोन-अडीच महिनेच जोरात चालतं. हप्ता मात्र दर महिन्याला येतो. म्हणून पहिलं कर्ज हॅमरमध्ये घालू नका. आधी पोलादी ऐरण, पायाचा भक्कम वाइस, ब्लोअर, ग्राइंडर, मग वेल्डिंग आणि ड्रिल. एवढ्यावर वर्षभर ट्रॉलीचे हूक, गेट, फाळ यांचं काम मिळतं. हॅमरचा विचार दुसऱ्या कर्जाला, तोही मृगाच्या दोन हंगामांत घणाचं काम खरंच हाताबाहेर जातंय हे वहीत लिहिलेलं असेल तर. आणि किंमत धरताना यंत्राच्या रकमेत गाडीभाडं, उतरवायची क्रेन, खड्डा, सळई-सिमेंट, मोटार-स्टार्टर आणि वाढीव मंजूर भार हे सगळं मिळवा. बहुतेक वेळा हा वरचा खर्च यंत्राच्या किमतीच्या जवळ जातो.

हॅमर बसला की पहिलं काम पायडलचं करा. पायडलवरून लोखंडी पट्टीची कमान बसवून घ्या, म्हणजे वरून पडलेला लोखंडाचा तुकडा किंवा कुणाचा चुकून पडलेला पाय त्यावर पडणार नाही. डायमध्ये हात घालायचा असेल, पाचर ठोकायची असेल, तर मोटार बंद करून पट्टा उतरवायचा आणि वरच्या भागाखाली लाकडाचा ठोकळा लावायचा. हे मालकाने स्वतः करून दाखवावं, आणि शिकाऊ मुलगा ते न करता हात घालताना दिसला तर त्या दिवशी त्याला हॅमरपासून दूर बसवावं.