सिमची खाच आधी बघ

पोरी, बारावीच्या अभ्यासाला टॅब लागतो म्हणतेस, तर घे. पण मंचरच्या दुकानात शिरण्याआधी थोडं ऐकून जा. सातगाव पठारावरचा शेतकरी पंजाबचं बटाटा बियाणं न्यायला इथं येतो, तेव्हा गोणीवरचं छापील नाव वाचून पैसे मोजत नाही. गोणी उसवतो, बटाटा चिरून बघतो. टॅबही तसाच चालवून बघायचा, खोक्यावरच्या चित्रावर जायचं नाही.

सगळ्यात आधी सिमची खाच बघ. एकाच नावाचा टॅब दोन जातींत येतो: एक नुसता वायफायचा, दुसरा सिम घालता येणारा. वायफायचा स्वस्त पडतो आणि दुकानदार तोच पुढं करतो. घरात वायफाय नसेल तर म्हणतील, ‘हॉटस्पॉटवर चालतो की.’ चालतो, पण तुझा बाप फोन खिशात घालून रानात गेला की हॉटस्पॉटही त्याच्याबरोबर रानात जातो! डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला मामाकडं राहायला जातेस, तिथं कोणत्या कंपनीची रेंज धरते ते मामीला आधीच विचार. आयपॅडचा विचार असेल तर हेही ध्यानात ठेव, की त्याच्या वायफायच्या मॉडेलात जीपीएस नसतो. म्हणजे बापाला त्यावर शेताची मोजणी बघायची असेल तर नीट जमणार नाही. मेमरी कार्डाची खाच तर आयपॅडला नसतेच.

आता पडदा. इथं घाई करू नकोस. इंच मोजतात ते कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, वाचायला मात्र रुंदी लागते. क्लासच्या नोट्स ए-फोर कागदाच्या, म्हणजे पान 21 सेंटिमीटर रुंद. 8.7 इंची टॅब उभा धरलास तर पडद्याची रुंदी साडेअकरा सेंटिमीटरच्या आसपास भरते, म्हणून अक्षर जवळजवळ निम्मं होतं. रसायनशास्त्राच्या सूत्रांतले खालचे बारीक आकडे मग डोळे ताणून वाचावे लागतात. 11 इंची टॅब आडवा धरला तर तेच पान पूर्ण आकारात बसतं, फक्त वर-खाली सरकवावं लागतं. म्हणून माझ्या मते अभ्यासाला 11 च्या खाली जाऊ नये. सिनेमा बघायचा असेल तर कोणताही घे, त्यासाठी माझा सल्ला नको.

ई-बालभारतीवरून तुझ्या जीवशास्त्राच्या पुस्तकाची पीडीएफ आधीच उतरवून दुकानात ने. आकृत्यांची पानं भराभर उलट, मोठी करून बघ. मग अर्ध्या पडद्यावर व्हिडिओ आणि अर्ध्यावर नोट्स लाव. अडखळला तर ठेव खाली. ‘4+4 जीबी रॅम’ असं सांगतील, त्यातले मागचे चार स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. खरे चारच धर.

स्वस्ताच्या मोहाचं म्हणशील तर 2011 साली दिल्लीत सरकारनं ‘आकाश’ टॅब आणला होता, सव्वादोन हजारांच्या आसपास किमतीचा. केवढा गाजावाजा झाला! 256 एमबी रॅम, आणि बोट दाबल्याशिवाय पडदा दाद देत नसे. पोरांनी तो किती वापरला असेल याची कल्पना कर.

सेटिंगमध्ये जाऊन सिक्युरिटी अपडेटची तारीख वाच. दोन वर्षांपूर्वीची असेल तर ते मॉडेल गोदामात पडून राहिलेलं आहे किंवा कंपनीनं त्याच्यावरचा हात काढलाय. पुढं किती वर्षं अपडेट मिळणार, हेही विचार. उत्तर गोलमाल आलं तर दुसरा ब्रँड बघ. सर्व्हिस सेंटर कुठं आहे तेही विचार. काच फुटली की दर वेळी पुण्याची फेरी परवडत नाही.

कित्येक खोक्यांत चार्जर नसतोच, नुसती केबल निघते. घरातला जुना 10 वॅटचा चार्जर लावलास तर 7,000 एमएएचची बॅटरी भरायला तीन तास सहज जातात, आणि आपल्याकडं लाईट कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून किंमत लावताना चार्जर, कव्हर, काचेवरची फिल्म, पेन हे सगळं धरून बेरीज कर. वरवर स्वस्त वाटलेला टॅब मग बरेचदा महाग निघतो. बिल जीएसटीचं घे. त्यावरचा सिरियल नंबर खोक्यावरच्या आणि टॅबमधल्या नंबराशी जुळव. पुढं दुकानदारानं हात वर केले तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर बोलताना तेच बिल लागतं.

जुना टॅब कोणी स्वस्तात देत असेल तर त्याला तुझ्यासमोर स्वतःचं अकाउंट काढायला सांग, मग सगळं पुसून टॅब पुन्हा चालू कर. चालू होताना त्यानं जुन्या मालकाचा पासवर्ड मागितला तर पैसे खिशातच ठेव आणि घरी ये.