भुतांना आधी जेवू द्या

ऑक्टोबर लागला की अमेरिकेतल्या आपल्या घरांत हॅलोविनच्या ‘बोर्ड’ची चर्चा सुरू होते. मोठ्या लाकडी फळीवर कँडी, कुकी, फळं, चीज मांडायचं आणि सगळ्यांनी भोवती जमून खायचं. इन्स्टाग्रामवरचे बोर्ड बघून निम्म्या आया आधीच दमलेल्या असतात. मला विचाराल तर त्यावरचा बराचसा गोड माल खुशाल वगळा. त्या संध्याकाळी मुलं दारोदार फिरून पिशवीभर चॉकलेटं आणणारच आहेत. राहून जातं ते जेवण.

न्यू जर्सीत ३१ ऑक्टोबरला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. शाळेतून आलेलं पोर तोवर बॅटमॅन झालेलं असतं, त्याला पोळीभाजीला बसवून दाखवा! म्हणून बोर्ड पाचच्या आत मांडा आणि त्यात पोटभरीचं घाला. स्ट्रिंग चीजचा तुकडा एका टोकाला चिरून दुसऱ्या टोकात प्रेट्झेलची काडी खुपसली की चेटकिणीचा झाडू होतो. सोललेल्या क्लेमेंटाइनच्या डोक्यात सेलरीचा तुकडा खोचला की भोपळा. अर्ध्या केळ्याला चॉकलेट चिपचे दोन डोळे लावले की भूत, पण केळं काळं पडतं, तेव्हा ते अगदी शेवटी. ही कामं मुलांनाच द्या. भुताचे डोळे तिरके लागले तर लागू देत, सरळ करायला जाऊ नका.

भोपळ्याचं मात्र ऐका. कोरायचा मोठा भोपळा पाणचट आणि रेषाळ असतो. घारग्यांसाठी लहान ‘शुगर पंपकिन’ आणा. घारग्याचं पीठ जरा जाड लाटून वटवाघळाच्या कुकी कटरने कापा आणि तळा. मोठ्या भोपळ्याच्या बिया टाकू नका. धुऊन, कोरड्या करून, तेल-मीठ-तिखट चोळून ३५० फॅरनहाइटला पंधरा-वीस मिनिटं भाजल्या की मोठ्यांची सोय झाली.

आता थोडं काळजीचं. पाहुण्या मुलांत कुणाला ॲलर्जी आहे का, हे त्यांच्या आईबाबांना आधी विचारा. शेंगदाणे-काजूंचं आपल्याला माहीत असतं, तिळाचं लक्षात येत नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर नोंदवायच्या प्रमुख ॲलर्जीकारक पदार्थांत तीळही आला. दिवाळी जवळ असते (२०२४ मध्ये तर नरक चतुर्दशी ३१ ऑक्टोबरलाच होती), त्यामुळे फराळाची चकली कोळ्याचं जाळं म्हणून बोर्डवर हमखास येते, आणि चकलीत तीळ असतात. हमसमध्येही ताहिनी म्हणजे तीळच. असे पदार्थ वेगळ्या ताटलीत, वेगळ्या चमच्यासह ठेवा.

चार वर्षांखालची पिल्लं असतील तर पॉपकॉर्न, अख्खे दाणे, कडक गोळ्या आणि मार्शमॅलो त्यांच्या हाती लागतील असे ठेवू नका. डोळे म्हणून मांडलेली द्राक्षं उभी चार तुकडे करूनच द्या. वाफा निघाव्यात म्हणून कुणी ड्राय आइस आणायचं म्हणालं, तर सरळ नाही म्हणा. लहान मुलांच्या घरात ते नकोच.

शाकाहारी घरांनी मार्शमॅलो आणि कँडी कॉर्नची पाकिटं उलटून वाचावीत. दोन्हींत सहसा जिलेटिन असतं, आणि ते जनावरांच्या कातडी-हाडांपासून काढतात. जिलेटिनशिवायचे मार्शमॅलोही मिळतात, शोधावे लागतात इतकंच.

एवढं झालं की प्रत्येक पदार्थापुढे नावाची चिठ्ठी लावा, आत काय आहे ते त्याखाली. चिठ्ठ्या मुलांना लिहू द्या. ‘तिळाची चकली’ एकदा देवनागरीत, एकदा इंग्रजीत लिहून घेतलंत तर रविवारच्या मराठी शाळेचा गृहपाठही परस्पर उरकतो. फक्त हे त्यांना आधी सांगू नका.