कामाचा मान

सकाळ झाली. नळाची तोटी सोडली. पाणी आले. हंडा भरला. घरातली कामे सुरू झाली.

पाणी आले तेव्हा ते सोडणाऱ्याची आठवण झाली का? नाही झाली. पण एक दिवस पाणी येऊ नये, मग बघा! "अरे, तो पाणीवाला गेला तरी कुठं?" असे म्हणत सारी आळी दारात उभी राहते. भाजीत मीठ बरोबर पडले, तर मिठाचे नाव कुणी घेत नाही. कमी पडले, की पहिली आठवण मिठाचीच. सगळ्यांची कामे करणाऱ्या माणसांचेही तसेच आहे.

पाणी सोडणारा, रस्ता झाडणारी, गटार उपसणारा, दिवे लावणारा, लस टोचणारी नर्सबाई. गावात ही माणसे ग्रामपंचायतीची किंवा सरकारी दवाखान्याची असतात. शहरात ती नगरपालिकेची किंवा महानगरपालिकेची असतात. त्यांच्या कामाचा मान कसा ठेवावा, हे आज आपण पाहू. आधी शहरात जाऊ, मग आपल्या गावात परत येऊ.

१. शहराला पाणी कोण पाजतो?

मुंबईला समुद्र लागून आहे. पण समुद्राचे पाणी पिता येत नाही. पूर्वी मुंबईचे लोक विहिरींचे आणि तलावांचे पाणी पीत. तिथे धोबी तलाव नावाचा भाग आहे. आज तिथे तलाव नाही, पण नाव राहिले आहे.

१८६० साली विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले. पुढे वस्ती वाढली, तहान वाढली. एकामागून एक तलाव बांधावे लागले. आज मुंबईला सात तलावांतून पाणी मिळते. विहार आणि तुळशी हे दोन जवळ आहेत. बाकीचे दूर, ठाणे, पालघर आणि नाशिक जिल्ह्यांत आहेत. काही पाणी तर शंभर किलोमीटरच्या आसपासचा पल्ला काटून येते. डोंगर पोखरून बोगदे केले आहेत. माणूस आत उभा राहील एवढे मोठे नळ टाकले आहेत.

हे सारे आपोआप चालत नाही. कुणी धरणावर पहारा करतो. कुणी पाण्यात औषध मिसळतो. कुणी नळ फुटला की रात्री बारा वाजता खड्ड्यात उतरतो. कुणी चाव्या फिरवतो. ठरल्या वेळी ह्या आळीला, ठरल्या वेळी त्या आळीला पाणी मिळते, ते त्याच्या हातामुळे. मुंबई महानगरपालिकेत असे सुमारे लाखभर लोक काम करतात. आपल्याकडच्या कितीतरी गावांची वस्ती एकत्र केली, तर एवढी माणसे होतील!

२. एका तलावाचे नाव

ह्या सात तलावांत एकाचे नाव आहे मोडक सागर. हे नाव कुठल्या देवाचे नाही, की राजाचे नाही. एन. व्ही. मोडक नावाचे एक इंजिनियर होते. ते मुंबईच्या महानगरपालिकेत नोकरीला होते. शहर वाढणार, त्याला रस्ते किती लागतील, घरे किती लागतील, ह्याचा आराखडा त्यांनी १९४८ च्या सुमारास अल्बर्ट मेयर नावाच्या अमेरिकन जाणकाराबरोबर तयार केला. पुढच्या दहा वर्षांत वैतरणा नदीवर मोठे धरण उभे राहिले. त्या धरणाच्या तलावाला मोडकांचे नाव दिले.

शहराच्या एका नोकराचे नाव तलावाला मिळाले. हा मोठा मान आहे. चांगले काम करणाऱ्याचे नाव असे राहिले, की पुढच्या पिढीला धडा मिळतो.

पण मंडळी, थोडे थांबून विचार करा. धरण एकट्या इंजिनियरने बांधले का? दगड फोडणारे, चुना-सिमेंट वाहणारे, उन्हातान्हात पाट्या उचलणारे हजारो हात होते. त्यांची नावे कुठल्या तलावाला नाहीत. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. मुंबईला पाणी देणारे मोठे तलाव शहापूर आणि त्याच्या आसपासच्या तालुक्यांत आहेत. त्याच भागातल्या काही आदिवासी पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते. धरण उशाला आणि कोरड घशाला!

म्हणून आम्ही म्हणतो, मान देताना नजर वरच्या पायरीवरच अडकू नये. खालच्या पायरीवर कोण उभे आहे, तेही पाहावे.

३. टाळ्या आणि थाळ्या

शहरातला सगळ्यांत मोठा मेळा म्हणजे गणपतीचे विसर्जन. १८९३ साली पुण्यात लोकमान्य टिळकांनी गणेशोत्सवाला सार्वजनिक रूप दिले. तेव्हापासून तो घराघरांतून चौकात आला. अनंत चतुर्दशीला मुंबईत गिरगावच्या चौपाटीवर मुंगीला शिरायला वाव नसतो. ढोल वाजतात, गुलाल उडतो. लोक गणपती बघतात. पण दिवे कुणी लावले? बुडणाऱ्याला काढायला पाण्याशी कोण उभे आहे? चक्कर आली तर औषध कोण देतो? पालिकेची माणसे. आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सगळे झोपलेले असतात, तेव्हा वाळूतली फुले, लाकडे, कागद, चपला कोण वेचते? तीच माणसे. आपला सण असतो, तेव्हा त्यांची दुप्पट पाळी असते.

२०२० साली करोनाची साथ आली. २२ मार्चला संध्याकाळी पाच वाजता देशभर लोकांनी दारात उभे राहून टाळ्या वाजवल्या, थाळ्या बडवल्या. दवाखान्यात आणि रस्त्यावर काम करणाऱ्यांचे ते आभार होते. चांगली गोष्ट झाली. पण त्याच दिवसांत काही ठिकाणी नर्सबाईला घरमालक म्हणाला, "तुम्ही खोली सोडा. आम्हाला रोग लागेल." हाताने टाळी वाजवायची आणि त्याच हाताने दार लावायचे, ह्याला मान म्हणत नाहीत.

४. मावशींचे भाषण

आता आम्ही डोळ्यांनी पाहिलेली एक गोष्ट सांगतो. एका लहान शहरात नगरपालिकेच्या कर्मचाऱ्यांचा सत्कार होता. आम्हालाही बोलावणे होते. मांडव घातला होता. व्यासपीठावर खुर्च्या होत्या. साहेब लोकांना शाली मिळाल्या, नारळ मिळाले, हार पडले. सफाई कामगार मागे उभे होते. पहाटे त्यांनीच मैदान झाडले होते आणि खुर्च्याही त्यांनीच मांडल्या होत्या. सत्कार त्यांचा, आणि बसायला जागा त्यांना नाही!

शेवटी एका मावशींना पुढे बोलावले. त्यांनी तीस वर्षे रस्ते झाडले होते. नगराध्यक्षांनी शाल दिली आणि म्हणाले, "मावशी, दोन शब्द बोला."

मावशींनी आधी पदर सावरला. मग म्हणाल्या, "साहेब, शाल दिली, बरं वाटलं. पण हे माझे हात बघा. काच लागून लागून चिरा पडल्यात. कचऱ्यात सुया निघतात. शाल थंडीत दोन महिने कामाला येईल. हातमोजे बारा महिने लागतात. पुढच्या साली शाल नको. हातमोजे द्या, गमबूट द्या, आन् पगार तेवढा वेळेवर द्या."

मांडवात सगळे गप्प झाले. मग मागून एका म्हाताऱ्याने टाळी वाजवली. मग सगळ्यांनी वाजवली.

दोन महिन्यांनी हातमोजे आले. पण सगळे एकाच मापाचे! बायकांच्या हातांना ते सैल होत, झाडू हातातून निसटे. मावशी पुन्हा कचेरीत गेल्या. ह्या वेळी त्या एकट्या गेल्या नाहीत. बाराजणी मिळून गेल्या. एकीला लिहिता येत होते. तिने अर्ज लिहिला. सगळ्यांच्या हातांची मापे त्यात मांडली. बाकीच्यांनी खाली सह्या केल्या. मग मात्र बरोबर मापाचे हातमोजे आले.

वाचकहो, ह्या गोष्टीत शाल मोठी की अर्ज मोठा, ते तुम्हीच ठरवा.

५. कायदा काय सांगतो?

मान हा मनाचा असतो, तसा कायद्याचाही असतो. सफाई करणाऱ्यांना हक्क मिळावा म्हणून पुष्कळ वर्षे झगडा चालला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ च्या सुमारास मुंबईत म्युनिसिपालिटीच्या कामगारांचा संघ उभा केला. एकट्याचा आवाज कचेरीच्या दारापर्यंत जात नाही, दहाजणांचा आत जातो, हे त्यांनी जाणले होते.

माणसाकडून हाताने मैला उचलून घेऊ नये, असा कायदा १९९३ साली झाला. २०१३ साली तो आणखी कडक झाला. सुरक्षेची साधने न देता कुणालाही गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरला. अशा कामात मेलेल्या माणसाच्या घरच्यांना १० लाख रुपये भरपाई द्या, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली सांगितले. २०२३ साली त्याच न्यायालयाने हा आकडा ३० लाख केला. मुंबईत ठेकेदाराच्या हाताखाली राबणारे २७०० सफाई कामगार संघटनेच्या बळावर न्यायालयात गेले. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पालिकेच्या नोकरीत कायम करण्याचा निकाल दिला.

इथे एक गोष्ट नीट वाचा. आपल्या गावातही आता घरोघर संडासाच्या टाक्या आहेत. टाकीत विषारी वायू साठतो. तो डोळ्यांना दिसत नाही. एकजण उतरतो आणि बेशुद्ध पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही जातो. म्हणून टाकी उपसायला यंत्राची गाडी बोलवा. चार पैसे वाचवण्यासाठी कुणाला आत उतरवू नका, आणि कुणी सांगितले तरी स्वतः उतरू नका.

६. आपल्या गावात

पूर्वी गावात बारा बलुतेदार होते. वर्षभर काम करायचे आणि सुगीला खळ्यावर बलुते मागायचे. जात ठरली की काम ठरले, आणि काम ठरले की बसायची जागाही ठरली. ती रीत आता गेली. ग्रामपंचायतीचा कर्मचारी आपला बलुतेदार नव्हे. तो पगारी माणूस आहे. त्याचा पगार आपल्या पट्टीतून आणि सरकारी निधीतून होतो. त्याने आपले काम चोख करावे, हा आपला हक्क. त्याला पगार वेळेवर मिळावा, हा त्याचा हक्क. दोन्ही हक्क बरोबरीने चालले, तर गावाचा गाडा नीट चालतो.

गाडगेबाबांचे नाव कुणाला माहीत नाही? १८७६ साली ते जन्मले आणि १९५६ साली गेले. गावात आले की आधी हातात खराटा घेत. दिवसा गाव झाडत आणि रात्री कीर्तनातून लोकांची मने झाडत. झाडणे हलके काम नाही, हे त्यांनी करून दाखवले. सन २००० मध्ये महाराष्ट्र सरकारने गावांसाठी स्वच्छतेची मोहीम सुरू केली, तेव्हा तिला त्यांचेच नाव दिले. त्या मोहिमेत कितीतरी गावांत पाटलापासून पोरांपर्यंत सगळ्यांनी झाडू हातात घेतला.

तर मग आपण काय करावे?

पहिली गोष्ट. कर्मचाऱ्याला त्याच्या नावाने हाक मारावी. मोठा असेल तर दादा, काका, मावशी म्हणावे. जातीवरून किंवा कामावरून हाक मारू नये.

दुसरी गोष्ट. ओला कचरा वेगळा ठेवावा, सुका वेगळा. फुटकी काच कागदात गुंडाळून द्यावी. मावशींचे हात आठवावेत.

तिसरी गोष्ट. पाणीपट्टी आणि घरपट्टी वेळेवर भरावी. पट्टी थकली की पगार थकतो.

चौथी गोष्ट. ग्रामसभेला जावे आणि उठून विचारावे, "आपल्या पाणीवाल्याचा पगार झाला का? सरकारने ठरवलेले किमान वेतन त्याला मिळते का? झाडणाऱ्यांना हातमोजे आहेत का?" आता तुम्हाला वाचता येते. हिशेबाचा कागद मागा आणि स्वतः वाचून बघा.

पाचवी गोष्ट. वर्षातून एक दिवस सत्काराचा ठेवावा. १५ ऑगस्ट किंवा २६ जानेवारी चांगला. त्या दिवशी सकाळी गावाने झाडावे आणि कर्मचाऱ्यांनी पुढे खुर्चीवर बसावे. गाव झाडताना कंबर कशी दुखते, हे त्या दिवशी सगळ्यांना कळेल. मग सगळ्यांनी एका पंगतीला जेवावे. कोण कुठे बसणार, असे आधी ठरवू नये.

पोळ्याला आपण बैलाला पुरणपोळी घालतो. पण वर्षभर वैरण दिली नाही, तर एका दिवसाच्या पुरणपोळीने बैल जगेल का? मुक्या जनावराबाबत जे आपल्याला कळते, ते बोलत्या माणसाबाबत कळायला नको का? सत्काराचा दिवस जरूर करा. पण बाकीचे तीनशे चौसष्ट दिवस विसरू नका.

शब्द समजून घ्या

सत्कार : चारचौघांत मान देणे.
भरपाई : झालेल्या नुकसानीबद्दल दिलेले पैसे.
किमान वेतन : ह्यापेक्षा कमी देता येत नाही, असा सरकारने ठरवलेला पगार.
कायम कर्मचारी : ठेकेदाराचा नव्हे, तर थेट पालिकेचा नोकर.

विचार करा आणि सांगा

१. मोडक सागराला हे नाव का मिळाले?
२. मावशींनी शालीऐवजी काय मागितले? का?
३. पहिले हातमोजे आले, तरी मावशी पुन्हा कचेरीत का गेल्या?
४. संडासाच्या टाकीत माणसाने का उतरू नये?
५. तुमच्या गावात पाणी कोण सोडते? रस्ता कोण झाडते? त्यांची पूर्ण नावे वहीत लिहा. नाव माहीत नसेल, तर उद्या सकाळी त्यांनाच विचारा आणि मग लिहा.