उताराचं कुणी बोललंच नाही

‘काही सदस्यांच्या फिटनेसमुळे खाली यायला उशीर झाला, त्याबद्दल इतरांची क्षमा मागतो.’ राजमाचीहून परतलो त्या रात्री आयोजकांनी ग्रुपवर टाकलेला हा निरोप. ‘काही सदस्य’ म्हणजे मी, माझी नणंद आणि बदलापूरचं एक जोडपं. नावं लिहिली नव्हती, पण बसमधल्या प्रत्येकाला ती ठाऊक होती. मी तेव्हाच उत्तर लिहायला घेतलं होतं. ह्यांनी ‘जाऊ दे आता’ म्हणून थांबवलं. पण पावसाळा आला की तशाच जाहिराती पुन्हा येतात, आणि पन्नाशी गाठलेल्या, पहिल्यांदाच डोंगराकडे निघालेल्या बायका त्या वाचून पैसे भरतात. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. थोडं माझ्यासाठीही लिहिते आहे.

आधी त्या फिटनेसचं बोलू. माझं माहेर सासवडचं. माउलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड हा टप्पा मी चाललेली आहे, दिवे घाटासकट. त्या एका दिवसात तीस किलोमीटरच्या आसपास चालणं होतं. नणंदेचं सकाळचं फिरणं पावसातही चुकत नाही. चालण्यात आम्ही कमी पडणाऱ्या नाही. पण दिवे घाटाचा रस्ता रुंद आहे, डांबरी आहे, पुढचं पाऊल कुठे टाकायचं याचा विचार तिथे करावा लागत नाही. शेवाळलेल्या दगडांवरून खाली उतरणं ही निराळी विद्या आहे आणि ती आम्हाला येत नव्हती. येत नव्हती म्हणूनच तर ‘नवशिक्यांसाठी’ असं लिहिलेली सहल निवडली होती.

जाहिरातीत वाट स्पष्ट दिली होती: लोणावळ्याहून चालत राजमाची, उधेवाडीत मुक्काम, दुसऱ्या दिवशी किल्ला बघून लोणावळ्याला परत. ‘जंगलातली बहुतांश सपाट वाट, वयाची अट नाही, अनुभवी लीडर सोबत.’ आणि पहिला दिवस अगदी तसाच गेला, हे मी मान्य करते. तुंगार्लीवरून निघायचं आणि पंधरा-सोळा किलोमीटर मातीच्या रस्त्यानं चालत राहायचं. मध्ये ओढे लागतात, कुठे पिंडरीपर्यंत पाणी असतं, पण दम लागेल असा चढ जवळजवळ नाही. सप्टेंबरचे दिवस होते, पाऊस ओसरत आलेला, सोनकीची पिवळी फुलं उमलायला लागली होती. संध्याकाळी ढग हटले तेव्हा श्रीवर्धन आणि मनरंजन हे दोन्ही बालेकिल्ले दिसले. गावात ज्यांच्या घरी उतरलो त्या मावशींनी भाकरी-पिठलं आणि ठेचा वाढला. सहल इथेच संपली असती तर मी दहा जणींना पाठवलं असतं.

रात्री जेवताना लीडरनं सांगितलं, ‘उद्या आपण लोणावळ्याला जात नाही. कोंढाणे लेण्यांवरून खाली कोंदिवड्याला उतरू. बस तिथेच येईल. तुम्हाला एक जास्तीचं ठिकाण बघायला मिळेल.’ जास्तीचं ठिकाण म्हटल्यावर सगळे खूश झाले. मी विचारलं, ‘वाट कशी आहे?’ तो म्हणाला, ‘काकू, उतारच आहे सगळा. चढ नाहीच.’ ताटं उचलायला आलेल्या मावशी तेवढ्यात थबकल्या. ‘पाऊस पडून गेलाय, दगड ओले असतील,’ एवढंच त्या म्हणाल्या. लीडरनं ऐकलं की नाही, देव जाणे. त्यानं विषय बदलला, आम्हाला उद्याच्या नाश्त्याच्या वेळा सांगितल्या.

मार्ग का बदलला, ते मला परतताना बसच्या ड्रायव्हरकडून कळलं. कोंदिवड्याहून कर्जत-बदलापूरमार्गे आमची डोंबिवली गाठायला घाट लागत नाही, टोल लागत नाही आणि बस लवकर मोकळी होते. त्या रात्री तिला दुसरी तुकडी घेऊन निघायचं होतं. आमच्या गुडघ्यांवर त्यांनी बसच्या फेरीचं गणित सोडवलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही बालेकिल्ले करून, जेवून, निघायला दुपारचे तीन वाजले. सप्टेंबरमध्ये साडेसहाला अंधार पडू लागतो आणि दाट झाडीत तो त्याही आधी उतरतो. डोंगरात लोकांना नेणाऱ्याला हे सांगावं लागू नये. उधेवाडीपासून खालच्या कोकणापर्यंत मोठा उतार आहे आणि तो बराचसा घनदाट रानातून, दगडगोट्यांमधून आहे. सवयीची माणसं तो आरामात उतरतात. आमच्यातली तरुण मुलंही भराभर गेली. आम्ही चौघं मागे राहिलो. सगळ्यांच्या शेवटी चालायला नेमलेला जो मुलगा होता, त्याला बसवाल्याशी बोलायला रेंज हवी होती म्हणून तो ‘पुढे जाऊन येतो’ सांगून गेला. तो पुन्हा भेटला तो थेट बसपाशीच.

‘किती राहिलं?’ असं मी लीडरला विचारलं तेव्हा तो म्हणाला, ‘अर्धा तास.’ बऱ्याच वेळानं पुन्हा विचारलं, पुन्हा ‘अर्धा तास’. तोवर मला वाटत होतं, आम्हीच हळू आहोत. नणंदेला तर रडू यायचं बाकी होतं. ती सारखी म्हणत होती, ‘वहिनी, माझ्यामुळे सगळे खोळंबले.’ मग एका ठिकाणी वाट फुटली. लीडर थांबला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मोबाईल वर धरला. खालून एक गुराखी मुलगा म्हशी घेऊन येत होता. लीडरनं त्याला विचारलं, ‘ए, लेण्यांकडे कुठली वाट जाते रे?’

तो प्रश्न ऐकला आणि माझ्या अंगातला थकवा एकदम रागात बदलला. हा माणूस या वाटेनं याआधी कधीच आला नव्हता. ‘उतारच आहे’ हे त्यानं पाहून सांगितलेलं नव्हतं, ऐकून सांगितलेलं होतं. तासाभरापासून ‘अर्धा तास’ कुठून येत होता, तेही कळलं. मी त्याच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, ‘तू ही वाट उतरला आहेस का?’ त्यानं माझ्याकडे न बघता उत्तर दिलं, ‘काकू, प्लीज, वेळ घालवू नका, बाकीचे पुढे गेलेत.’ आणि आम्हाला वाट दाखवून तो त्या बाकीच्यांना गाठायला निघून गेला. नवशिकी माणसं मागे, माहीतगार पुढे. आमच्यातल्या कुणाचा घसरून पाय मोडला असता तर त्याला ते खाली गेल्यावर कळलं असतं.

आमच्या नशिबानं उधेवाडीचेच एक मामा कामासाठी खाली निघाले होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि काही न विचारता चाल मंद केली. कोयत्यानं चार काठ्या तोडून दिल्या. पाय सरळ न टाकता आडवा टाकायचा, गुडघा किंचित वाकवून ठेवायचा, काठी आधी खाली रोवायची आणि मग पाऊल उचलायचं, ओल्या दगडावर पाय देण्यापेक्षा दगडांच्या मधल्या मातीत द्यायचा, हे त्यांनी पाच मिनिटांत शिकवलं. लीडरनं दोन दिवसांत शिकवलं नव्हतं. आणि ‘किती राहिलं’ विचारल्यावर त्यांनी वेळ सांगितली नाही. ‘आता एक ओढा, मग कातळ, त्याच्या खाली लेणी, लेण्यांपासून पुढे सोपं,’ असं सांगितलं, आणि प्रत्येक गोष्ट तशीच आली. कोंढाण्याची लेणी दोन हजार वर्षांपूर्वीची, बौद्ध, कोरीव काम पाहण्यासारखं. आम्ही ती मोबाईलच्या उजेडात ओलांडली. जास्तीचं ठिकाण बघायला मिळालं ते असं. बसपाशी पोचलो तेव्हा लीडर दारात उभा होता. ‘काकू, एवढा वेळ?’ हे त्याचे शब्द होते.

नंतर मी लेखी तक्रार केली. उत्तर आलं की मार्ग बदलण्याचा अधिकार अटींनुसार आयोजकांकडे आहे, आणि सद्भावना म्हणून पुढच्या ट्रेकवर दहा टक्के सूट. मी ती सूट घेतली नाही.

आता जे सांगायचं ते. कुठलीही ‘सोपी’ सहल असो, पैसे भरण्याआधी परतीची वाट विचारा. जाताना कसं जायचं ते सगळेच सांगतात. परत कोणत्या गावात उतरणार, त्या वाटेचा उतार किती फुटांचा, आणि लीडर त्याच वाटेनं त्याच ऋतूत याआधी गेला आहे का, हे तीन प्रश्न लेखी विचारा, व्हॉट्सॲपवर चालतील. राजमाचीला दोन बाजूंनी वाटा आहेत आणि दोन्हींचा स्वभाव पूर्ण वेगळा आहे. हरिश्चंद्रगडाचंही तसंच आहे: पाचनईकडून कुणीही माणूस जाऊ शकतो, नळीची वाट मात्र कसलेल्यांची. नुसतं किल्ल्याचं नाव सांगून ‘सोपा’ म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

वेळेचा अंदाज स्वतः काढता येतो. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये दिलेला एक हिशेब डोंगरात आजही वापरतात: तीन मैल चालायला एक तास, आणि दर दोन हजार फूट चढासाठी आणखी एक तास. त्यात उताराचा वेगळा वेळ धरलेला नाही आणि तो हिशेब धडधाकट, सवयीच्या माणसाचा आहे. नवशिक्यांनी त्यात निम्म्याहून जास्त भर घालावी, तीव्र उतार असेल तर त्याहूनही अधिक. जो आयोजक नुसते किलोमीटर सांगतो त्याला नेमका हाच भाग लपवायचा असतो, असं माझं आता मत झालं आहे.

सर्वांत शेवटी कोण चालणार, हे निघायच्या आधी सगळ्यांसमोर विचारा. त्याचं नाव कळलं पाहिजे आणि तो कोणत्याही कारणानं पुढे जाणार नाही, असं त्याच्या तोंडून ऐका. बरोबर दोरी आणि प्रथमोपचाराची पेटी आहे का, लीडरनं उत्तरकाशी, दार्जिलिंग किंवा मनालीच्या संस्थेतून गिर्यारोहणाचा बेसिक कोर्स केला आहे का, हेही विचारायला लाजू नका. साहसी पर्यटनासाठी राज्य शासनानं २०२१ मध्ये धोरण आणलं आहे, त्यात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. नोंदणी क्रमांक मागा. आमच्या आयोजकांनी तक्रारीच्या उत्तरात या प्रश्नाला हातच लावला नाही.

अटींमध्ये ‘मार्ग बदलला जाऊ शकतो’ असं असेल, तर ‘फक्त सुरक्षिततेसाठी आणि सोप्या वाटेकडेच’ एवढे शब्द त्यात घालायला सांगा. नाही म्हणाले तर दुसरा आयोजक शोधा. आणि मुक्कामाच्या गावातल्या माणसाचं ऐका. मावशींच्या त्या एका वाक्यात दोन दिवसांतली सगळ्यात खरी माहिती होती. खरं तर मुक्कामाच्या घरी आधी फोन करून गावातलाच वाटाड्या ठरवला तर मधल्या कंपनीची गरजच उरत नाही, आणि पैसेही ज्याच्या घामाचे त्याला मिळतात.

बाकी नेहमीचं: नक्षी झिजलेले बूट नकोत, उतरताना बोटं पुढे आपटतात म्हणून अर्धा नंबर मोठे घ्या, सुती मोजे टाळा, पाणी भरपूर, विजेरी प्रत्येकाकडे, औषधं वरच्या कप्प्यात. गुडघ्यांचं दुखणं असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. उतरल्यावर मांड्या दुसऱ्या दिवशी जास्त दुखतात, त्यानं घाबरू नका. अडकलात तर ११२ लावा. लोणावळ्याच्या भागात ‘शिवदुर्ग मित्र’ या बचाव पथकाची मुलं मदतीला धावतात, पण त्यांना बोलवायची वेळ आयोजकानं आणू नये.

आणि वाट ऐनवेळी बदलली, तर मुक्कामाच्या गावातच ‘मी येत नाही’ म्हणा. चार बायका एकदम म्हणाल्या तर बस परत बोलवावीच लागते. राजमाचीला जरूर जा, गाव फार सुंदर आहे. पहिल्यांदा जाणार असाल तर लोणावळ्याच्या बाजूनं जा आणि त्याच बाजूनं परत या.